घामाचे दाम आणि श्रावकाचे व्रत

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या न्यासाला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा त्याच्या कार्याचा आढावा घेण्याची प्रथा आहे. उपाश्रय उभे राहिले, पाठशाळा चालल्या, चातुर्मास झाले, आयंबिल खाते सुरू राहिले, पांजरपोळास आणि रुग्णांस मदत गेली; हे सारे स्मरणिकेच्या अन्य पानांवर यथायोग्य नोंदविले जाईलच. परंतु याच पन्नास वर्षांत नाशिक जिल्ह्याने आणखी एक इतिहास पाहिला आहे. आपल्या कष्टाला मोल मिळत नाही, आपण कसतो ती जमीन आपल्या नावावर नाही, असे म्हणत हजारो माणसे या जिल्ह्याच्या रस्त्यांवर पुनःपुन्हा उतरली. त्यांच्या मार्गावर दुतर्फा जी दुकाने, पेढ्या आणि आडती होत्या त्यांतील अनेक जैन बांधवांच्या होत्या. त्या ओट्यांवर उभे राहून समाजाने हे मोर्चे पाहिले, आणि पाहताना समाजाचे मन एक नव्हते. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे: आर्थिक विषमतेविरुद्धच्या आंदोलनांकडे श्रावकाने कोणत्या दृष्टीने पाहावे?

विषय अवघड आहे. मोर्चात चालणाऱ्याचे पाय पाहून करुणा वाटते आणि त्याची घोषणा ऐकून भीती वाटते, अशी ही अवस्था आहे. ही अवस्था लपविण्यात शोभा नाही. ती नीट तपासून घेण्यात मात्र लाभ आहे.

सुपे गावची होळी

या भीतीला इतिहास आहे, म्हणून प्रारंभ तेथूनच करणे उचित होईल. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांचा मोठा जमाव जमला आणि त्याने सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. पाहता पाहता हा वणवा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. ज्यांच्यावर हल्ले झाले ते बहुतांशी मारवाडी व गुजराती सावकार होते आणि त्यांत ओसवाल जैनही होते.

या दंग्यांचे एक वैशिष्ट्य चौकशी आयोगानेही नोंदविले. जमावाला मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे, हुकूमनामे आणि खतावण्या. जेथे सावकाराने कागद हवाली केले तेथे बहुधा पुढे काही घडले नाही. कागदांची होळी झाली आणि माणसे पांगली. गंभीर शारीरिक हिंसा फारच थोड्या ठिकाणी झाली. शेकडो लोकांना अटक झाली, शिक्षा झाल्या, आणि 1879 साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

शेतकरी या टोकाला का गेला? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 मध्ये, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि येथील कापसाचे भाव चढले. सर्वत्र पैसा खेळू लागला, सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले, शेतकऱ्याने सढळ हाताने घेतले. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने जमीन महसुलाची फेरआकारणी करून तो वाढविला. महसूल रोख भरायचा, म्हणून पुन्हा कर्ज. जुने कर्ज मुदतबाह्य होऊ नये म्हणून व्याजासकट नवा रोखा. आणि न वाचता आलेल्या कागदावर उमटविलेला अंगठा. इंग्रजी न्यायालय केवळ कागद पाहत असे, माणसाची परिस्थिती पाहत नसे.

त्या काळच्या सावकारालाही एक बाजू होती, हे सांगणे न्यायाचे आहे. मारवाडातून शेकडो कोस चालत आलेला, परक्या गावात एकटा राहणारा तो माणूस बियाण्याला, बैलाला, लग्नकार्याला आणि सरकारच्या साऱ्याला पैसा देत होता. दुष्काळ पडला की त्याचीही रक्कम बुडत असे. महसुलाचा दर त्याने ठरविला नव्हता. परंतु गावकऱ्याला सरकार दिसत नव्हते, सावकार दिसत होता. दूर बसलेल्या सत्तेचा राग जवळच्या दुकानदारावर निघतो, हा जगभरचा अनुभव आहे. तरीही एवढे म्हणून प्रश्न संपत नाही, कारण रोख्यावर लिहिलेले व्याज सरकारने लिहिलेले नव्हते.

कांदा, ऊस आणि खेरवाडी

पुढच्या शतकात आंदोलनाचे स्वरूप पालटले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत उच्च पदावर असलेले शरद जोशी नोकरी सोडून भारतात परतले, चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू शेती करू लागले आणि शेती तोट्यात का जाते याचा हिशेब त्यांनी स्वतःच्या वावरात मांडला. त्या हिशेबातून शेतकरी संघटना उभी राहिली. चाकणच्या कांद्यापासून सुरू झालेले आंदोलन 1980 साली नाशिक जिल्ह्यात आले, तेव्हा उसाला टनामागे 300 रुपये आणि कांद्याला क्विंटलला 50 ते 70 रुपये भाव मिळावा, ही मागणी होती. पिंपळगाव बसवंतचे माधवराव मोरे, प्रल्हाद पाटील कराड यांच्यासारखे स्थानिक नेते पुढे आले. रस्ते अडले, रेल्वे थांबल्या. 10 नोव्हेंबर 1980 रोजी निफाड तालुक्यातील खेरवाडी येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मृत्युमुखी पडले.

त्या दिवसांत बाजारपेठा बंद राहिल्या, माल अडकला आणि व्यापारी वर्ग धास्तावला. 1875 ची कथा ज्या घरांत आजोबा-पणजोबांकडून आली होती त्या घरांत धास्ती अधिक होती. परंतु शरद जोशींची मांडणी लक्षपूर्वक ऐकणाऱ्यास त्यात वेगळेच काही आढळले. त्यांच्या मते गावचा व्यापारी हा शेतकऱ्याचा खरा शत्रू नव्हता. शेतमालाचे भाव जाणीवपूर्वक पडते ठेवणारे सरकारी धोरण हे दारिद्र्याचे मूळ आहे, असे ते सांगत. शहरी ‘इंडिया’ आणि ग्रामीण ‘भारत’ ही त्यांची विभागणी प्रसिद्ध आहे. खुल्या बाजाराचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. म्हणजे ज्या आंदोलनाची व्यापाऱ्याला भीती वाटली, त्याचा नेता व्यापाराच्या स्वातंत्र्याचाच कैवारी होता.

या आंदोलनाची घोषणा मात्र समाजाने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. दानाची परंपरा अभिमानाने मिरविणाऱ्या समाजाला हे शब्द अस्वस्थ करणारे आहेत. त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

महामार्गावरचा विहार

6 मार्च 2018 रोजी नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळून अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा मुंबईकडे पायी निघाला. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आदिवासी स्त्री-पुरुष त्यांत मोठ्या संख्येने होते. कसारा घाट उतरून, भिवंडी-ठाणे ओलांडून सुमारे 180 किलोमीटरची वाट त्यांनी सहा दिवसांत कापली. मुंबईत पोहोचेपर्यंत ही संख्या 30 ते 50 हजारांपर्यंत गेल्याच्या बातम्या होत्या. 11 मार्चला ते शीवच्या सोमैया मैदानावर थांबले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. विद्यार्थ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून, दिवसभर चाललेली ही माणसे रात्रीच पुन्हा उठली आणि पहाटेपूर्वी आझाद मैदानात जाऊन बसली. मुंबईकरांनी पाणी, बिस्किटे, चपला आणून दिल्या. 12 मार्च रोजी शासनाने बहुतेक मागण्यांवर लेखी आश्वासन दिले.

त्या छायाचित्रांत तळव्यांची सोललेली कातडी होती, फुटलेले फोड होते. जैन माणसाच्या डोळ्यांना हे दृश्य अगदी अपरिचित नव्हते. याच मुंबई-आग्रा महामार्गाने शेषकाळात साधू-साध्वी विहार करतात. त्यांचे अनवाणी पाय, खांद्यावरचा मोजका भार, मुक्कामापुरता आडोसा, हे सारे श्रावकाने श्रद्धेने पाहिलेले असते. मोर्चात चालणाऱ्या आदिवासी वृद्धेच्या गाठोड्यातही मोजकेच सामान होते. परंतु दोघांत एक अंतर आहे आणि ते विसरून चालणार नाही. साधूने पुष्कळ असताना सोडलेले असते. त्या वृद्धेजवळ सोडण्याजोगे मुळात काही आलेच नव्हते. स्वेच्छेने स्वीकारलेला अपरिग्रह मोक्षमार्ग आहे. लादलेली वंचना मोक्षमार्ग नाही. गरिबाला ‘समाधानी राहा’ असा उपदेश करताना हा भेद पुष्कळदा हरवतो.

त्यांची मुख्य मागणीही साधी होती. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, कमाल चार हेक्टरपर्यंत, कुटुंबाचा हक्क मान्य व्हावयाचा आहे. कायदा होऊन बारा वर्षे झाली तरी असंख्य दावे प्रलंबित होते. सुरगाणा-पेठेत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. भाताचे एक पीक निघाले की कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. शहराच्या ताटात येणाऱ्या द्राक्षांच्या घडामागे ही स्थलांतरे आहेत.

आश्वासने पूर्ण झाली नाहीत म्हणून फेब्रुवारी 2019 मध्ये पुन्हा मोर्चा निघाला आणि चर्चेनंतर थांबला. मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून तिसरा निघाला तो वासिंदपर्यंत गेला. त्यावेळी कांद्याचे भाव कोसळलेले होते. शासनाने क्विंटलला 350 रुपये अनुदान, कमाल 200 क्विंटलपर्यंत, जाहीर केले. एकाच वाटेने एकाच मागणीसाठी पाच वर्षांत तीनदा निघावे लागणे, हे चालणाऱ्यांच्या हट्टापेक्षा व्यवस्थेच्या दिरंगाईविषयी अधिक सांगते.

शंकांचा मान

आता दुसरी बाजू. व्यापारी कुटुंबांच्या मनात या आंदोलनांविषयी ज्या शंका असतात त्या सर्वच स्वार्थातून येतात असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

पहिली शंका हिंसेविषयीची. 1 जून 2017 रोजी पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपात हजारो लिटर दूध रस्त्यावर ओतले गेले, भाजीपाला फेकला गेला. ज्या घरात ताट धुऊन पिण्याचा संस्कार आहे, उष्टे टाकणे दोष मानला जातो, त्या घराला हे दृश्य सहन होत नाही. निषेधासाठी अन्नाची नासाडी करणे हे अहिंसेशी विसंगत आहे, हे निःसंकोच म्हटले पाहिजे. पण त्याबरोबर एक प्रश्नही विचारला पाहिजे. 2018 च्या अखेरीस निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला 750 किलो कांद्याचे एकूण 1,064 रुपये मिळाले आणि ते त्याने मनिऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवून दिले. चार महिने राखलेल्या मालाला किलोमागे दीड रुपयाही न मिळणे, ही नासाडी नव्हे काय? ती रस्त्यावर दिसत नाही, एवढेच.

दुसरी शंका वर्गद्वेषाची. लाल झेंड्यामागच्या विचारसरणीत धनिक आणि श्रमिक हे कायमचे वैरी मानले जातात. जैन दर्शनाला कोणताही जीव कायमचा वैरी म्हणून मान्य नाही. माणसाला त्याच्या पेढीवरून ओळखून दोषी ठरविणे आणि माणसाला त्याच्या जातीवरून ओळखून हीन ठरविणे यांत तत्त्वतः फार अंतर नाही. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर 2011 मध्ये सुरू झालेल्या वॉल स्ट्रीटवरील आंदोलनाने ‘आम्ही 99 टक्के’ अशी घोषणा दिली होती. नाशिकच्या भद्रकालीतील किंवा रविवार कारंजावरील लहान दुकानदार, जो स्वतः पतसंस्थेचे हप्ते फेडतो, त्याने स्वतःला त्या 99 मध्ये मोजावे की उरलेल्या एकात? मोर्चा त्याला सावकार म्हणतो आणि बँक त्याला कर्जदार म्हणते.

तिसरी शंका कर्जमाफीची. 2017 साली राज्य शासनाने दीड लाख रुपयांपर्यंतच्या थकीत पीककर्जाची माफी जाहीर केली. ज्याने पोटाला चिमटा घेऊन हप्ता वेळेवर भरला त्याला काय वाटले असेल, हा प्रश्न रास्त आहे. शब्दाची पत हीच व्यापाराची पुंजी असते आणि ती पत मोडणे कोणाच्याच हिताचे नसते.

चौथी गोष्ट शंकेपेक्षा वस्तुस्थिती आहे. पुष्कळ प्रसंगी शेतकरी आणि व्यापारी एकाच नावेत असतात. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले तेव्हा नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनीच लिलाव बंद ठेवून निषेध केला. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी झाली ती मे 2024 मध्ये उठली, आणि त्या काळात चाळीतला कांदा व गोदामातला कांदा सारखाच अडकून पडला. तथापि याच बाजारात 2016 साली आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी असा निर्णय झाला, तेव्हा व्यापाऱ्यांनी लिलाव थांबविले आणि त्याची झळ ट्रॉली भरून बसलेल्या शेतकऱ्याला लागली. हितसंबंध कधी जुळतात, कधी आड येतात. आड येतात तेव्हा कोणाच्या पाठीवर ओझे पडते, हे पाहण्याची जबाबदारी बलवानावर अधिक असते.

व्रतांची भाषा

अशा संभ्रमात श्रावकाने कोणाचे मार्गदर्शन घ्यावे? राजकीय पक्षांचे घ्यावे, अशी सक्ती नाही. त्याच्या जवळ स्वतःची बारा व्रते आहेत आणि त्या व्रतांचे अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणारी वर्तने, प्रतिक्रमणात तो ऐकत आलेला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, जे दिगंबर आणि श्वेतांबर दोघांनाही मान्य आहे, ही वर्तने मोजून दिली आहेत.

अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ आहे. घेताना मोठे माप आणि देताना लहान माप वापरणे, असा त्याचा अर्थ. बाजार समितीतील काटा, गोणीमागची घट, प्रतीच्या नावाखाली कापलेले पैसे आणि ठरलेल्या दिवशी न दिलेली पट्टी, हे सर्व या एका शब्दात बसते. द्राक्षाच्या हंगामात माल उचलून पैसे न देता नाहीशा होणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी जिल्ह्याला नव्या नाहीत. 2020 साली तर नाशिक परिक्षेत्रात पोलिसांनाच शेतकऱ्यांची बुडालेली रक्कम वसूल करून देण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. असे करणारा कोणत्याही समाजाचा असो, धर्माच्या भाषेत ती चोरी आहे.

अहिंसा व्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ हे दोन आहेत. शक्तीपेक्षा अधिक ओझे लादणे आणि आश्रिताच्या अन्नपाण्यात खंड पाडणे. शास्त्रकारांसमोर बैल आणि सेवक होते. परंतु ज्या व्याजाखाली माणूस उठू शकत नाही ते व्याजही ओझेच आहे, आणि ज्या मजुरीत घर चालत नाही ती मजुरीही अन्नपाण्यात खंड पाडतेच. मुंगीला वाचविण्यासाठी खाली पाहून चालणाऱ्याने हमालाच्या पाठीकडे वर पाहण्यास चुकू नये.

आणि पाचवे व्रत, परिग्रह-परिमाण. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा सर्वश्रुत आहे. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ अत्यंत धनाढ्य होता. त्याच्या चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्याज-व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात होत्या. पाचशे नांगरांची शेती आणि दहा-दहा हजार गायींची चार गोकुळे होती. भगवान महावीरांपाशी त्याने व्रत घेतले तेव्हा ही संपत्ती फेकून दिली नाही. त्याने मर्यादा घातली: एवढे पुरे, यापुढे नाही. पुष्कळांना ही मर्यादा फार उदार वाटते. परंतु तिचा खरा अर्थ त्या क्षणानंतर उलगडतो. ज्या दिवसापासून अधिक मिळविणे हे उद्दिष्ट उरले नाही, त्या दिवसापासून आनंदाला एखाद्या ऋणकोकडून, नांगऱ्याकडून, गुराख्याकडून शेवटची कवडी काढून घेण्याचे कारणच उरले नाही. वाढीची हाव थांबली की व्यवहारातला कठोरपणा आपोआप सैल होतो. विषमतेचा प्रश्न आंदोलक ज्या टोकाने धरतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला हे व्रत बांधलेले आहे.

आज हे व्रत कसे घेतले जाते? अनेकदा सोन्याचे तोळे आणि साड्यांची संख्या मोजून. नफ्याची, व्याजाची आणि भाड्याची मर्यादा कोणी क्वचितच लिहून देतो.

फाडलेला कागद

श्रीमद् राजचंद्र यांच्याविषयी एक प्रसंग परंपरेने सांगितला जातो. मुंबईत जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत असताना त्यांनी एका व्यापाऱ्याशी सौदा केला होता. ठरलेल्या मुदतीपर्यंत भाव इतके चढले की तो सौदा पुरा करताना समोरचा माणूस घरादारासकट बुडाला असता. राजचंद्र स्वतः त्याच्या पेढीवर गेले. तो मुदत मागू लागला, काही तजवीज करतो म्हणाला. त्यांनी कराराचा कागद मागून घेतला आणि फाडून टाकला. दुसऱ्याच्या सर्वनाशातून मिळणारा लाभ आपल्याला पचणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. याच राजचंद्रांचा प्रभाव 1891 नंतर गांधीजींवर पडला, आणि धनवंताने स्वतःला संपत्तीचा मालक न समजता विश्वस्त समजावे, हा विचार गांधीजींनी पुढे मांडला.

सुप्यात कागद जाळले गेले, मुंबईत कागद फाडला गेला. दोन्ही ठिकाणी कायद्याने कागद खरा होता. एका ठिकाणी धनकोने आधी विचार केला नाही म्हणून ऋणकोने विस्तव लावला. दुसऱ्या ठिकाणी ऋणकोने काही करण्यापूर्वीच धनको जागा झाला. समाजाला आंदोलनांची भीती वाटत असेल तर तिच्यावर पोलीस बंदोबस्ताहून टिकाऊ असा उपाय हा दुसराच आहे.

दान आणि दाम

जैन समाजाच्या दातृत्वाविषयी कोणी शंका घेऊ शकणार नाही. चांदवडचे श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम 1928 पासून ग्रामीण भागातील मुलांना शिक्षण देत आले आहे. 1993 च्या लातूर भूकंपानंतर शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना पुण्यात आणून शिकविले. ही पुण्यकार्ये आहेत आणि ती वाढली पाहिजेत.

परंतु ‘भीक नको’ म्हणणारा माणूस दात्याकडे आलेलाच नसतो. तो खरेदीदाराकडे, मालकाकडे, शासनाकडे आलेला असतो. त्याला अन्नछत्रात पंगत वाढली तर तो जेवेल, पण त्याचा प्रश्न तेथे सुटणार नाही. दिवसभर काट्यावर जे कमी पडले ते संध्याकाळी देणगीच्या पावतीवर भरून निघत नाही, कारण देणगी पुढल्याच्या नावे जमा होते आणि तूट मागल्याच्या नावे राहते. दानाला शास्त्राने न्यायोपार्जित धनाची अट घातली आहे, ती याचसाठी. जळगावचे भवरलाल जैन यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. सात हजार रुपयांच्या भांडवलावर 1963 मध्ये रॉकेल विक्रीपासून आरंभ केलेल्या या माणसाने पुढे ठिबक सिंचन शेतकऱ्याच्या बांधावर नेले. शेतकऱ्याचे उत्पन्न वाढले तरच व्यापार वाढेल, असा त्यांचा मार्ग होता. तेथे व्यापार आणि उपकार वेगळे काढता येत नाहीत.

अनेकान्त म्हणजे तटस्थता नव्हे

शेवटचा मुद्दा अनेकान्ताचा. मोर्चाचेही खरे, व्यापाऱ्याचेही खरे, सरकारचीही काही अडचण खरी, असे म्हणून हात झटकणे म्हणजे अनेकान्त नव्हे. हत्तीचा पाय धरलेल्या आंधळ्याचे म्हणणे अंशतः खरे असते, पण हत्तीचा पाय ज्याच्या अंगावर पडलेला आहे त्याची वेदना पूर्ण खरी असते. अनेकान्त सर्व बाजू पाहावयास शिकवितो तो योग्य निर्णय घेता यावा म्हणून, निर्णय टाळता यावा म्हणून नव्हे.

या दृष्टीने पाहता संमिश्र भावना असण्यात गैर काही नाही. आंदोलकाच्या हातातील दगड नाकारावा आणि त्याच्या पायातील फोड स्वीकारावा. त्याने काढलेला निष्कर्ष तपासावा, त्याने मांडलेला हिशेब मात्र दडवू नये. ज्या नाशिकमध्ये 1930 साली काळाराम मंदिराच्या दाराशी माणसांना माणूस म्हणून प्रवेश मागावा लागला, आणि ज्या जिल्ह्याच्या मातीतून निघालेल्या दादासाहेब गायकवाडांनी पुढे भूमिहीनांसाठी देशव्यापी सत्याग्रह उभारला, त्या नाशिकमध्ये न्यायाची मागणी परकी नाही. त्या प्रसंगी कोण कोणत्या बाजूस उभा होता, हे पुढच्या पिढ्या विचारतातच.

न्यासाच्या सुवर्ण महोत्सवी वर्षात म्हणूनच एक विनंती करावीशी वाटते ती अशी. दर संवत्सरीला क्षमायाचना होते, ती बहुधा नातलग, स्नेही आणि व्यापारी मित्र यांच्यापुरती राहते. या वर्षी प्रत्येक पेढीने पर्युषणापूर्वी आपली खतावणी एकदा त्या नजरेने उघडावी. कोणाची पट्टी थकली आहे, कोणत्या हमालाची मजुरी कित्येक वर्षे त्याच आकड्यावर थांबली आहे, कोणत्या जुन्या येण्यावर मुद्दलापेक्षा व्याज मोठे झाले आहे, ते पाहावे. जे देणे आहे ते आधी द्यावे, जे सोडता येईल ते सोडावे, आणि मग ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणावे. न्यासांनीही देणगीच्या फलकावर नाव कोरण्याबरोबरच परिग्रहाची मर्यादा लिहून देणाऱ्या कुटुंबांची नोंदवही ठेवावी. त्या वहीत रक्कम लिहिण्याची आवश्यकता नाही. ‘एवढे पुरे’ एवढाच संकल्प पुरे आहे.

मोर्चे पुढेही निघतील. कांद्याचा भाव पुन्हा पडेल, वनजमिनीचा दावा पुन्हा अडेल, आणि महामार्गावर पुन्हा पावले वाजतील. त्या वेळी ओट्यावर उभ्या असलेल्या श्रावकाच्या हातात पाण्याचा तांब्या असावा हे चांगलेच. पण त्याच्या दुकानातला काटा सरळ असावा आणि त्याची वही स्वच्छ असावी, हे त्याहून आधीचे. तसे असेल तर कोणतीही घोषणा ऐकून त्याला दार लावून घ्यावे लागणार नाही.

जय जिनेंद्र.